हादरा ड्रमचा, सांड मागची: भिवापूरकडच्या सोयाबीनमधल्या एका हार्वेस्टरचं प्रकरण

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, नागपूर जिल्ह्यातला भिवापूर तालुका, काळी जमीन, जेएस ३३५ वाणाचं सोयाबीन. ठेक्यावर आलेला स्वयंचलित हार्वेस्टर: १४ फुटी कटर बार (पुढचं कापणारं पातं), पाच स्ट्रॉ वॉकर (कुटार झटकत मागे नेणारे लांब सांगाडे), ६०० मिमी व्यासाचा आणि ८ रास्प बारचा (रेषा पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा) मळणीचा ड्रम, इंजिन २२०० आरपीएमचं, म्हणजे मिनिटाला २२०० फेऱ्यांचं. तक्रारी दोन होत्या. डायवर म्हणे, "भाऊ, फुल थ्रॉटल दिला की सीटवर बसवत नाही." वावराचा मालक म्हणे, मागे कुटारात (भुसकटात) दाणे पडून सांड, म्हणजे नासाडी, होते आहे आणि टाकीत दाणे फुटून डाळ होते आहे. दोघांचं भांडण सुरू होतं, आणि दोघांनाही वाटत होतं की आपली तक्रार दुसऱ्याच्या तक्रारीपेक्षा वेगळी आहे.

तपासणीच्या आधी झालेले उपाय असे. थ्रॉटल कमी करून इंजिन १७५० वर आणलं. हादरा कमी झाला, डाळही थोडी कमी झाली, म्हणून तोच वेग कायम ठेवला. मागे दाणे दिसू लागले तेव्हा वरची चाळणी उघडली. त्याने टाकीत कचरा आला, म्हणून परत बंद केली. पंख्याची झडप दोनदा फिरवली. तीन दिवसांत चाळणीच्या मूठीला सात वेळा हात लागला होता, पण दाणे कुठे आणि किती पडतात हे एकदाही मोजलं गेलं नव्हतं.

आधी मोजणी

सोयाबीनचे १०० दाणे मोजून काट्यावर ठेवले: १२ ग्रॅम. या वजनाच्या दाण्याला हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरमध्ये २ दाणे पडले म्हणजे एकरी जवळपास १ किलो गेलं.

चौकट सुतळीची केली, ४ मीटर २० सेंमी लांब आणि २४ सेंमी रुंद, म्हणजे जवळपास एक चौरस मीटर. लांबी मुद्दाम कटर बारच्या रुंदीएवढी. मशीनचं मागचं तोंड जेमतेम १ मीटर ३० सेंमीचं असतं आणि चार मीटरमधल्या पिकाचे दाणे त्या पट्ट्यात पडतात. छोटी चौकट त्या पट्ट्यावरच टाकली तर सांड तिपटीहून जास्त दिसते. पट्ट्याबाहेर टाकली तर काहीच दिसत नाही. शेतकरी पहिल्या जागी वाकून बघतो, डायवर दुसऱ्या जागेकडे बोट दाखवतो, आणि दोघेही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

मशीन उभ्या पिकात नेहमीच्या वेगाने चालवून थांबवली आणि स्वतःच्या लांबीएवढी मागे घेतली. मग तीन जागी चौकट टाकली. पहिली उभ्या पिकात: १४ दाणे. हे आपोआप तडकलेल्या शेंगांचे, मशीनचा त्यात दोष नाही. दुसरी जिथून कटर बार गेला पण मागचं तोंड अजून पोचलं नव्हतं तिथे: ७६. तिसरी पूर्ण मशीन जाऊन आलेल्या जागी, कुटार झटकून: १७०. धसकटावर राहिलेल्या शेंगा सोलून त्यांचे दाणेही धरले. ते विसरलं की कटाईची सांड हमखास कमी भरते.

वजाबाकी केली. पुढची, म्हणजे कटर बार आणि रीलची (पीक आत ओढणाऱ्या फिरत्या पात्यांची) सांड ६२ दाणे, एकरी ३० किलो. मागची, म्हणजे मशीनच्या पोटातली ९४ दाणे, एकरी ४५ किलोच्या वर. मिळून ७५ किलो. एकरी ८ क्विंटलच्या पिकात हे साडेनऊ टक्के होतं.

हे आकडेच निदानाची दिशा देतात. सोयाबीनमध्ये धडधाकट मशीनची बहुतेक सांड पुढेच होते. शेंग जमिनीलगत असते आणि धक्का लागला की तडकते, मात्र एकदा आत गेलेला गोल, जड दाणा कुटारापासून सहज सुटतो. गव्हाच्या तुलनेत सोयाबीन मशीनच्या पोटाला हलकंच जातं. इथे मागची सांड पुढच्यापेक्षा दीडपट होती. म्हणजे बिघाड पोटात होता, आणि तो नुसत्या चाळणीच्या मूठीने सुटण्याएवढा लहान नव्हता.

मागच्या कुटारात सापडलेले दाणे मोकळे होते, शेंगेतले फार थोडे. म्हणजे मळणी होत होती, वेगळं करणं होत नव्हतं. आणखी एक गोष्ट: सांडीचा मोठा भाग पट्ट्याच्या डाव्या तिसऱ्या हिश्शात होता. सांड एका बाजूला झुकली की नुसत्या सेटिंगवर संशय घेऊ नये. सेटिंग दोन्ही बाजूंना सारखंच बिघडतं, तुटका भाग एकाच बाजूला असतो.

वेग

थ्रॉटल कमी केला की फक्त इंजिन हळू होतं, बाकी सगळं तसंच चालतं, असं अनेकांना वाटतं. टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारं यंत्र, लावून दाखवावं लागलं. इंजिन २२०० ऐवजी १७५०. वॉकरचा क्रँक २०० ऐवजी १५९. शेकर, म्हणजे चाळण्या हलवणारा सांगाडा, ३१० ऐवजी २४६. पंखा ८०० ऐवजी ६३६.

वॉकरचं उदाहरण घेऊ. क्रँकची त्रिज्या ५० मिमी. २०० फेऱ्यांवर कुटाराला बसणारा झटका गुरुत्वाच्या सुमारे २.२ पट असतो. कुटार वर उडतं, उघडतं, आणि त्यातला दाणा खाली गळतो. १५९ फेऱ्यांवर तोच झटका १.४ पट उरतो. कुटार उडत नाही, गादीसारखं सरकत मागे जातं आणि दाणे पोटात घेऊन बाहेर पडतं. फेरे वीस टक्के घटले, झटका मात्र सदतीस टक्के, कारण तो वेगाच्या वर्गाने बदलतो. पंख्याच्या हवेचा दाबही त्याच प्रमाणात पडतो. वरून डोळ्याला पट्टे फिरताना दिसतात, वॉकर हलताना दिसतात, म्हणून कुणाला शंका येत नाही.

मग भर कापणीत मशीन एकदाच एकदम बंद करून आतलं आहे त्या स्थितीत पाहिलं. टर्बो असलेल्या इंजिनावर ही युक्ती पुन्हा पुन्हा वापरू नये. किल्ली खिशात, कटर बारखाली टेकू, आणि मगच झाकणं उघडायची. वरच्या चाळणीवर डावीकडे चार बोटं उंच थर, उजवीकडे जवळपास नागडी जाळी. हवा वाट मिळेल तिकडून जाते. ती सगळी उजव्या मोकळ्या बाजूने निघून जात होती आणि डावीकडचा थर हवेशिवाय मागे सरकत होता.

थोडक्यात, थ्रॉटल पुन्हा २२०० वर नेणं गरजेचं होतं, आणि नेमकं तेच हादऱ्यामुळे शक्य नव्हतं.

हादरा कुणाचा

हार्वेस्टरमध्ये प्रत्येक फिरत्या भागाचा वेग वेगळा असतो, म्हणून हादऱ्याची मोजणी त्याचा मालक सांगते. मोबाइलमध्ये कंप मोजायची फुकट अॅप असतात. फोन डायवरच्या पायाखालच्या पत्र्यावर घट्ट चिकटवला, पीक न घेता सगळे भाग चालू केले. आलेखात दोन ठळक टोकं आली: सेकंदाला ८.६ आणि ४.१.

सेकंदाच्या आकड्याला ६० ने गुणायचं. ८.६ म्हणजे मिनिटाला ५१६. ड्रम टॅकोमीटरवर ५१७ दाखवत होता. ४.१ म्हणजे २४६, हा शेकर. इंजिनाचा आकडा २९ च्या आसपास यायला हवा होता आणि तिथे टोक नगण्य होतं. इंजिनाखालचे रबर माउंटिंग बदलायचं एव्हाना ठरलं होतं. तो खर्च इथेच वाचला.

खात्री करायला ड्रमचा वेग बदलणाऱ्या व्हेरिएटर पुलीचा पट्टा उतरवून ड्रम बंद ठेवला: ८.६ चं टोक गेलं. पट्टा चढवून शेकरचा उतरवला: ४.१ चं गेलं. एका वेळी एकच पट्टा, आणि प्रत्येक वेळी इंजिन बंद करून. दोन पट्टे एकदम उतरवले की कारण कळत नाही.

ड्रमच्या डाव्या बेअरिंगचं तापमान ८८ अंश निघालं, उजव्याचं ५२. सोयाबीनचा भुसा फार बारीक आणि कोरडा असतो; तापलेल्या बेअरिंगभोवती साचला तर वावरात आग लागते. फक्त एवढ्याच कारणासाठीही त्या दिवशी काम थांबवणं योग्य होतं.

ड्रम उघडल्यावर

पट्टा काढून ड्रम हाताने फिरवला आणि आपोआप थांबू दिला. थांबल्यावर सगळ्यात खालच्या बारवर खडूची रेघ. पाच वेळा फिरवला, पाचही वेळा तेच दोन बार तळाशी आले. बाकी सहा बारच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, या दोघांच्या धारदार होत्या. मागच्या हंगामात गोटा आत गेल्यावर हे दोन बदललेले होते, आणि ते शेजारी शेजारी होते: ३ नंबर आणि ४ नंबर.

बार सोडवून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले. जुने सहा ३.७० ते ३.७४ किलो, नवे ४.१० आणि ४.१२. प्रत्येकी चारशे ग्रॅमच्या आसपास फरक, आणि शेजारी असल्याने दोघांचा मिळून सुमारे ७२० ग्रॅमचा असमतोल. फुल थ्रॉटलला, म्हणजे ड्रमच्या ६५० फेऱ्यांवर, हे जादा वजन बेअरिंगला सुमारे १०० किलोच्या जोराने ओढतं, आणि तेही सेकंदाला जवळपास ११ वेळा, दर वेळी दिशा बदलून. ५१७ वर तो जोर ६२ किलोवर येतो. डायवरला थ्रॉटल कमी केल्यावर बरं वाटलं ते यामुळेच. हीच मशीन मार्चमध्ये गव्हात ९५० फेऱ्यांवर चालवली असती तर जोर २०० किलोच्या वर गेला असता.

इथे सर्रास एक चूक होते. "एक बार उचलून समोरासमोर लावा, झालं" असा सल्ला मिळतो. पण रास्प बार दोन जातींचे असतात, रेषा डावीकडे झुकलेले आणि उजवीकडे झुकलेले, आणि ते आलटून पालटून बसवायचे असतात. आठ बारच्या ड्रमवर समोरासमोरचे दोन बार, म्हणजे ३ आणि ७, एकाच जातीचे असतात. ३ आणि ४ मात्र वेगळ्या जातीचे. ४ नंबरचा उचलून ७ वर लावला तर वजन जुळतं, पण ६, ७ आणि ८ ओळीने एकाच जातीचे होतात आणि पीक ड्रममध्ये एका बाजूला ढकललं जातं. म्हणून आणखी दोन बार, एक डावा आणि एक उजवा, घ्यावेच लागले: ३-७ नवी जोडी, ४-८ नवी जोडी. उरलेल्या चार जुन्यांच्याही वजनानुसार जोड्या लावल्या, जोडीतला फरक २० ग्रॅमच्या आत. आठही बदलणं सगळ्यात उत्तम, पण ऐन हंगामात चारवर काम भागतं. बोल्ट बारचेच, उच्च ताणाचे वापरायचे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट ड्रममध्ये तुटला तर कॉनकेव्हची, म्हणजे ड्रमखालची वक्र, जाळी फाटते.

डाव्या बेअरिंगचा स्लीव्ह (बेअरिंग शाफ्टवर घट्ट धरणारी नळी) शाफ्टवर सैल होऊन फिरला होता. शाफ्टवर खरवडल्याच्या खुणा होत्या, पण आकार शाबूत होता. बेअरिंग आणि स्लीव्ह नवीन टाकले. त्या बाजूने ड्रम बसल्याने कॉनकेव्हची फटही तिरपी झाली होती: पुढच्या तोंडाशी डावीकडे १९ मिमी, उजवीकडे २६. डावीकडे दाणा फुटत होता, उजवीकडे अधूनमधून शेंग अख्खी जात होती. दोन्ही बाजूंना पुढे २४ आणि मागे १४ मिमी लावली. फट दोन्ही टोकांना मोजायची. खिडकीतून दिसते तेवढीच एक बाजू मोजून पुढे जाऊ नये.

आता मूळ प्रश्न: ड्रम ६५० वर का होता? या व्यासाला सोयाबीनसाठी ४५० ते ५५० पुरतात. ड्रमचा वेग इंजिन न बदलता कमी करायला व्हेरिएटर असतो. तो अडकला होता. मशीन पावसाळाभर उघड्यावर उभी राहिल्याने पुलीचा सरकता भाग गंजला होता आणि त्यावर भुसा आणि जुन्या ग्रीसचा थर घट्ट झाला होता. डायवरकडे ड्रम हळू करायला थ्रॉटलशिवाय दुसरं काही उरलंच नव्हतं. डाळ कमी झाली, हादरा कमी झाला, आणि त्याची किंमत वॉकर आणि पंख्याने चुकवली. पुली उतरवून पॉलिश पेपरने साफ केली, सरकवून पाहिली, निपलमधून ग्रीस दिलं. जास्त ग्रीस देऊ नये, ते पट्ट्यावर उडतं.

शेकर

डावीकडच्या मागच्या हँगरची (शेकर टांगणाऱ्या दांडीची) रबर बुश फाटली होती आणि बोल्टचं भोक लांबट झालं होतं. त्या कोपऱ्याला चाळणी मागे ओढली जाण्याऐवजी नुसती डोलत होती. डावीकडचा थर त्यातूनच आलेला.

बुश का फाटली याचं उत्तर बसवण्याच्या पद्धतीत होतं. या बुशमधलं रबर सरकत नाही, पिळतं. म्हणून बोल्ट आवळताना शेकर आपल्या झोक्याच्या बरोबर मधोमध असायला हवा. तो एका टोकाला असताना आवळला तर रबर बसल्या जागीच पिळलेलं राहतं, एका दिशेला दुप्पट पीळ घेतं आणि एका हंगामातच फाटतं. पुली हाताने फिरवून पुढचं आणि मागचं टोक खडूने आखायचं, मधली खूण काढायची, तिथे शेकर धरायचा आणि मग आवळायचं. चारही कोपऱ्यांच्या बुश एकदम बदलल्या. एकच बदलली असती तर नवं कडक रबर आणि तीन जुनी मऊ अशी नवी तिरपट झाली असती.

वॉकरच्या लाकडी बुश ठीक निघाल्या. प्रत्येक वॉकर हाताने उचलून खेळ पाहायचा. ३ मिमीच्या वर खेळ असेल तर बुश बदलायची. ग्रेन पॅनच्या, म्हणजे मळलेले दाणे चाळणीकडे नेणाऱ्या पत्र्याच्या, खाचांमधून मात्र हिरव्या तणाच्या रसात मळलेला माती-भुशाचा थर निघाला, साडेआठ किलो. लाकडी पट्टीने खरवडला. लोखंडी खुरप्याने पत्र्याला चरे पडतात आणि पुढचा थर आणखी घट्ट धरतो.

पुन्हा वावरात

इंजिन २२००. ड्रम ४८०. वरची चाळणी १६ मिमी, खालची १०. पंखा आधी बराच उघडून, कुटारासोबत दाणे उडायला लागेपर्यंत नेला, मग दाणे थांबेपर्यंत मागे घेतला. फोनवर ड्रमचं टोक गुरुत्वाच्या ०.३४ पटीवरून ०.०९ पटीवर आलं, शेकरचं शोधावं लागलं.

मागची सांड ९४ दाण्यांवरून १२. टाकीतल्या मूठभर दाण्यांतून १०० मोजले, फुटलेले ९ होते ते ३ झाले. पुढची सांड ६२ वरून ५८, म्हणजे जवळपास जशीच्या तशी. ती वेगळीच गोष्ट होती, आणि ड्रमचं काम संपेपर्यंत तिला मुद्दाम हात लावला नव्हता.

रील मिनिटाला ३६ फेरे घेत होता. मशीन ताशी ४ किमीने, म्हणजे सेकंदाला १.११ मीटर चालत होती. रीलचा व्यास १.०५ मीटर. म्हणजे रीलची पाती जमिनीच्या वेगाच्या पावणेदोन पटीहून जास्त वेगाने शेंगांना झोडपत होती. सोयाबीनला हे प्रमाण १.१ ते १.२५ असावं. २४ फेऱ्यांवर आणला. थ्रॉटल वाढवला की रीलही वाढतो, म्हणून रील शेवटी लावायचा. कटर बारची पाच पाती बोथट होती आणि दोन गार्ड वाकलेले, ते बदलले. कापणीची उंची १४ सेंमी होती. खालच्या शेंगा ७-८ सेंमीवर होत्या, म्हणून बार खाली घेतला. ढेकळं आणि भेगा असलेल्या काळ्या वावरात याहून खाली गेलं तर माती आत येते आणि ग्रेन पॅनचा तोच थर पुन्हा जमतो, त्यामुळे ७ सेंमीवर थांबवला. पुढची सांड २८ दाण्यांवर आली.

एकूण ४० दाणे, एकरी साडेएकोणीस किलो. आधीच्यापेक्षा एकरी ५६ किलो कमी सांड. २०२५-२६ च्या ५३२८ रुपये हमीभावाने एकरी जवळपास ३००० रुपये. नागपूरच्या कळमना बाजारात प्रत्यक्ष काय भाव मिळतो तो हिशेब ज्याने त्याने करावा, त्यात डाळीची कपात वेगळी.

उरलेल्या २८ दाण्यांचं काय, हा मालकाचा प्रश्न होता. त्यातले बरेचसे वेळेचे होते. सकाळी १० वाजता दाण्याचा ओलावा १४ टक्के भरला, दुपारी ३ ला साडेदहा टक्के. त्याच मशीनने, त्याच सेटिंगवर दुपारी पुढची सांड ४१ झाली. दव सुकल्यावर दहाच्या सुमारास सुरू करून दीड-दोनपर्यंत सोयाबीन उरकायचं, दुपारी मशीनचं ग्रीसिंग आणि साफसफाई, आणि ऊन उतरल्यावर ओलावा मोजून पुन्हा, असा क्रम लावला. ठेका एकरावर असल्याने डायवरला दुपारची सुट्टी परवडत नाही, हे खरं आहे. मालकाने त्या दोन तासांचं वेगळं ठरवून दिलं. चार दिवसांनी बार आणि बेअरिंगचे बोल्ट पुन्हा आवळून पाहिले तेव्हा नव्या बारचे दोन बोल्ट पाव-पाव आटा फिरले. डाव्या बेअरिंगचं तापमान तेव्हा ५४ होतं.